गादीवरची पन्नास वर्षं

जुन्या कापड दुकानात शिरलं की गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर हार घातलेले फोटो दिसतात. संस्थापक, त्यांचे चिरंजीव, क्वचित संस्थापकांच्या पत्नी. अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघाली तर तिच्यातही हीच मंडळी असतात. जागा कधी घेतली, शाखा कधी काढली, कोण मंत्री फीत कापायला आले, सगळं तारीखवार छापलेलं असतं. ज्यांनी रोज शेकडो साड्या उलगडून गिऱ्हाइकापुढे टाकल्या आणि रात्री त्यांच्या घड्या घातल्या, त्यांची नावं मात्र त्यात नसतात. माझा मामा पुण्यात लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका साड्यांच्या दुकानात पन्नास वर्षं होता आणि २०२२ च्या दिवाळीनंतर निवृत्त झाला. त्याच्याविषयी लिहायचं तर दिवाणजींविषयीही लिहायला हवं, कारण मामाने दिवाणजींना वगळून स्वतःची गोष्ट कधी सांगितलीच नाही.

सदाशिव पेठेत वाड्यातल्या दोन खोल्यांत मामाचं बिऱ्हाड होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचरं तिथे पडीक असायचो. मामा नऊच्या पुढे घरी यायचा, जेवायचा आणि मग भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत बसायचा. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या माणसाचे गुडघे रात्री बोलतात, असं मामी म्हणायची. तेल जिरेपर्यंत गोष्टी चालत. राजा-राणीच्या नव्हेत, दुकानाच्या. त्यातल्या निम्म्या मामाच्या जन्माआधीच्या होत्या, त्याला दिवाणजींनी सांगितलेल्या.

दिवाणजी दुकानात लागले ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधी. हिशोबाची वही आणि गादी, दोन्ही तेच बघत. आठवड्याची हक्काची सुट्टी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. मुंबई इलाख्यात दुकानातल्या नोकरांसाठी पहिला कायदा झाला तो १९३९ मध्ये. त्याआधी शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरेल तेव्हा दिवस संपायचा आणि दुसऱ्या दिवशी झाडू हातात घेतला की सुरू व्हायचा. दिवाणजी पहिल्या सुट्टीच्या दिवशी सवयीने दुकानापर्यंत चालत गेले होते म्हणे. कुलूप बघून परत आले आणि दुपारभर झोपले.

मग युद्ध आलं आणि कापड बाजारातून दिसेनासं झालं. १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. गिरणीने कापडावरच किंमत छापायची आणि त्याच किमतीला ते विकायचं. छापील भावाने माल पुरत नव्हता, काळ्या बाजारात वाटेल तो भाव होता. लग्नघरची माणसं दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. दिवाणजी मामाला सांगत, "त्या वर्षांत विकायचं काम नव्हतंच रे, नाही म्हणायचं काम होतं. आणि माणूस उद्या परत आपल्याकडेच आला पाहिजे असं नाही म्हणायचं, हे सगळ्यात अवघड." १९४८ मध्ये नियंत्रण उठलं, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लावावं लागलं. नियंत्रण उठल्यावर जे चढ्या भावाने विकत सुटले त्यांची गिऱ्हाइकं पुढे तुटली, आपल्या गादीने तसं केलं नाही, हे दिवाणजी छाती पुढे काढून सांगायचे. धनी कोण आणि नोकर कोण, हा भेद त्या 'आपल्या' शब्दात कधीच नसायचा.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले आणि चार आण्यांचे पंचवीस. इथपर्यंत ठीक होतं. पण एका आण्याचे सव्वासहा पैसे कोणी कोणाला द्यायचे, यावरून रोज वाद. पैशापाठोपाठ वारही गेला आणि मीटर आला. मीटर वारापेक्षा तीन इंचांहून जास्त लांब, त्यामुळे मीटरचा भाव वाराच्या भावापेक्षा वर. मापाचं नाव बदलून आपल्याला फसवतात, अशी बायकांची खात्रीच झाली. दिवाणजींनी त्यावर एक साधी गोष्ट केली. पितळी टोकांचा जुना लाकडी गज आणि सरकारी शिक्क्याची नवी मीटरपट्टी, दोन्ही गादीवर शेजारी शेजारी ठेवली. कोणी शंका काढली की आधी गजाने मोजायचं, मग मीटरने, आणि दोन्ही हिशोब बाईच्या पुढ्यात मांडायचे. तो गज पुढे कितीतरी वर्षं दुकानात होता. मी हातात घेतलेला आहे. मधला भाग बोटांनी घासून इतका गुळगुळीत झाला होता की लाकडाच्या रेषा दिसत नव्हत्या.

१२ जुलै १९६१ ची गोष्ट मामा सांगायला लागला की मामीही काम टाकून येऊन बसायची, कारण तिच्या माहेरचं घर त्या पुरात गेलं होतं. सकाळी पानशेतचं धरण फुटलं. दुकानाचं गोदाम होतं नारायण पेठेत, नदीपासून लांब नाही. दिवाणजी आणि दोन पोऱ्यांनी हाताला लागतील ते गठ्ठे पोटमाळ्यावर चढवले आणि पाणी दारात आल्यावर पळ काढला. पूर ओसरल्यावर गोदाम उघडलं तेव्हा खालचा सगळा माल चिखलात होता. इरकली लुगड्यांचा रंग सुटून पांढऱ्या धोतरांत उतरला होता. धुऊन, वाळवून तो माल विकायचं ठरलं. दिवाणजींनी प्रत्येक नगावर 'पुरातला माल' अशी चिठ्ठी टाचली. धुऊन बेमालूम दिसणाऱ्या साडीवरसुद्धा. ज्यांच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नव्हतं, त्यांनी तो माल घेतला. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठीच्या निसन हटमध्ये राहायला गेलेली कुटुंबं लग्नकार्याला याच दुकानात येत राहिली, मामाच्या काळापर्यंत.

मामा स्वतः आला दुष्काळाचा. १९७२ साली माण तालुक्यात पेरलेलं उगवलं नाही. घरातली मोठी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. मिलोच्या लालसर भाकऱ्या आणि सुकडी खाऊन मुलं वाढत होती. मामा मॅट्रिक झाला होता. गावच्या गुरुजींची दिवाणजींशी ओळख होती, तेवढ्या चिठ्ठीवर तो पुण्याला आला. त्याला वाटलं होतं, आठ दिवसांत आपण साड्या विकू. दोन वर्षं त्याला गिऱ्हाइकाशी बोलायची परवानगी नव्हती. झाडायचं, पाणी भरायचं, माल चढवायचा-उतरवायचा आणि घड्या घालायच्या.

घडी घालणं हे काम बघणाऱ्याला किरकोळ वाटतं. काठावर काठ बसला पाहिजे, जर आत राहिली पाहिजे, पदर असा वर आला पाहिजे की पहिल्याच झटक्याला तो गिऱ्हाइकापुढे पडावा. रेशमी साडीची घडी अधूनमधून मोडून दुसरीकडे घालायची, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरतं. दोन वर्षं घड्या घातल्यावर मामाला डोळे मिटून पोत ओळखता यायला लागला. नारायणपेठ, महेश्वरी, धारवाडी, इरकली, नुसता हात फिरवून. पैठणीला तो आधी उलटी करायचा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, मोर उलटीकडूनही मोरच असतो. नकलेच्या पाठीला सुटे धागे लोंबतात. ही खूण तो गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवायचा, मग ती बाई समोरच्या दुकानात जाऊन पैठणी घेणार असली तरी.

बोलायची परवानगी मिळाली तेव्हा दिवाणजींनी पहिला धडा दिला तो न बोलण्याचा. बाई पायरी चढली की तिच्या नेसत्या साडीकडे बघायचं. "कितीपर्यंत दाखवू?" हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. त्या प्रश्नाने गरीब बाई चारचौघांत उघडी पडते आणि श्रीमंत बाई सावध होते. "कार्याला हवी का रोजची?" एवढंच विचारायचं. मग तीन साड्या टाकायच्या. एक हलकी, एक मधली, एक भारी. आणि बाईच्या हाताकडे लक्ष ठेवायचं. तोंडाने ती भारी साडीचं कौतुक करत असते, हात मात्र परत परत मधल्या साडीच्या काठावर जातो. पुढचा माल त्या हाताच्या भावातला काढायचा. मामाने हे इतकं आत्मसात केलं होतं की मी माझ्या मैत्रिणींना घेऊन गेले तरी तो त्यांच्याशी बोलताना खाली, गादीवर फिरणाऱ्या बोटांकडे बघत असायचा.

बस्त्याचं शास्त्र वेगळं. लगीनसराईत दोन्हीकडची बारा-पंधरा माणसं गादीवर ऐसपैस बसतात, चहा येतो, मुलं गठ्ठ्यांवर लोळतात. मामा म्हणायचा, "बस्त्याला बोलतात तिघं-चौघं, ठरवते एक. आणि ती एक बहुतेक वेळा मागे भिंतीला टेकून गप्प बसलेली असते." तिला शोधणं हे पहिलं काम. दुसरं काम मानपानाचं. विहिणीची साडी आधी पक्की करायची, सगळ्यांदेखत, आणि मग तिच्यापेक्षा वरचढ दिसेल असा नग कुणासाठीच काढायचा नाही. किती लग्नांतली रुसणी-फुगणी गादीवरच मिटली असतील, त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. लग्नाच्या माणसांपुढे काळ्या रंगाचा गठ्ठा उघडायचा नाही. तोच काळा रंग संक्रांतीच्या आधी पुढच्या फळीवर यायचा, कारण नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा लागते. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा माल लावून घ्यायचा. पंचांग मामाला दुकानाने शिकवलं.

एक फळी अशी होती की तिच्यावर कधी जाहिरात लागली नाही. मांजरपाटाची. मध्यरात्री किंवा पहाटे कोणी मालकांच्या घराचं दार वाजवलं की माणूस काय मागायला आलाय ते न विचारताच कळायचं. मालक मामाला उठवायला माणूस पाठवत, कारण किल्ली आणि कात्री दोन्ही कुठे आहेत हे त्याला ठाऊक. या दुकानाची रीत अशी की त्या कापडाचा भाव सांगायचा नाही, गिऱ्हाइकाने द्यायचे ते द्यायचे, आणि त्या विक्रीने दिवसाची भवानी झाली असं धरायचं नाही. मामा ते कापड फाडताना आवाज होऊ देत नसे. कात्रीने शेवटपर्यंत कापत जायचा. हे मी मामीकडून ऐकलं, तो स्वतः त्यावर कधी बोलला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामाचा चुलतभाऊ परळच्या एका गिरणीत साच्यावर होता. तो विणायचा आणि मामा विकायचा, याचं दोघांनाही कौतुक होतं. सुट्टीत गावी भेटले की चुलतभाऊ मामाच्या पिशवीतलं धोतर उलटंपालटं करून हे आमच्या खात्यातलं की दुसरीकडचं ते सांगायचा. संप लांबला. आधी गिरणीचा नवा माल यायचा थांबला, मग गोदामातला संपत आला. तोवर बायका गिरणीचं नाव घेऊन व्हॉइल मागायच्या, काठाशेजारचा शिक्का वाचून साडी घ्यायच्या. आता भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचं कापड आलं, सुरतेच्या छापील सिंथेटिक साड्या आल्या, धुतली की लगेच वाळते म्हणून नोकरी करणाऱ्या बायकांना त्या आवडल्याही. वर्षभरात गिऱ्हाइकाने शिक्का बघणं सोडून दिलं. चुलतभाऊ गावी परतला तो कायमचाच. त्याच्या मुलीच्या लग्नात मामाने फळीवर उरलेल्या गिरणीच्या शेवटच्या धोतरांतली एक जोडी त्याला आहेर केली. संपाच्या इतिहासावर मी पुढे बरंच वाचलं, पण तो संप माझ्या डोक्यात बसला तो या धोतरजोडीमुळे.

नव्वदच्या दशकात दुकानाचं रूप पालटलं. गादी गेली, काचेचे काउंटर आले, वातानुकूलन आलं. विकायला मुली आल्या, ही फार चांगली गोष्ट झाली, आणि मामाने त्यांना दिवाणजींचेच धडे दिले. पण गादीबरोबर बसणंही गेलं. काउंटरमागे दहा-दहा तास उभं राहायचं. ज्या गुडघ्यांनी वीस वर्षं मांडी घातली त्यांनी पुढची वीस वर्षं उभं राहायचं, आणि मुलींची तर सुरुवातच उभं राहण्यापासून. केरळात कोझिकोडच्या विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानातल्या स्त्रियांना संघटित करून बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तसा कायदा केला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही केला. मामाने वर्तमानपत्रातली ती बातमी कापून खिशात ठेवली आणि मालकांना दाखवली. आठवड्याभरात काउंटरमागे स्टुलं आली. मालक चांगले होते, यात शंका नाही. पण तोवर त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडव्याला कापड दुकान बंद, ही गोष्ट दिवाणजींच्या एकाही गोष्टीत नव्हती. पुढे दार उघडलं तरी गिऱ्हाईक येईना, तेव्हा नव्या पिढीने व्हिडिओ कॉलवर साड्या दाखवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यापुढे बसवलं मामाला. त्याला ते जड गेलं. समोरच्या बाईचा हात दिसत नाही, ही त्याची तक्रार होती. पण ज्या घरांना त्याने तीन-तीन पिढ्या साड्या दिल्या, त्या घरांतल्या आज्या फोनवर त्याचा आवाज ऐकून म्हणायच्या, "अण्णा, तुम्हीच काढा कुठलीही." न बघता घेतलेल्या त्या साड्यांतली एकही परत आली नाही, हे मला मालकांनी सांगितलं.

निरोपाचा कार्यक्रम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुकानातच झाला. त्या दिवसापुरती काउंटर सरकवून गादी घातली होती. शाल, श्रीफळ, घड्याळ, मालकांचं भाषण. मग एक वयस्कर बाई उठल्या. त्यांनी आपल्या लग्नातला शालू पिशवीतून काढला आणि सांगितलं, "वडिलांकडे पैसे कमी होते. अण्णांनी हाच शालू जरीत बारीक डाग आहे असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगून कमी भावात बसवून दिला. मी घरी जाऊन डाग शोधला. आजपर्यंत सापडला नाही." दुकान हसलं. मालकांनी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "फरक माझ्या पगारातून वळता केला होता. वही दिवाणजींच्या हातची आहे, बघा."

दिवाणजींनी दुकान सोडलं तेव्हा त्यांना धोतरजोडी आणि एक पाकीट मिळालं होतं. पाकिटात किती होते ते त्यांनी मामालाही सांगितलं नाही. त्यांच्या बहुतेक उमेदीच्या वर्षांत ग्रॅच्युइटीचा कायदाच नव्हता. तो आला १९७२ मध्ये, मामा पुण्याला आला त्याच साली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानाला तो लागू होता, आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नव्हता. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तोही शेवटच्या पगाराच्या हिशोबाने. महिना फक्त कामाच्या दिवसांचा धरायचा, त्यामुळे पन्नास वर्षांचे जवळजवळ एकोणतीस महिन्यांचे पगार होतात. मामाला ते सगळे मिळाले. त्याच लक्ष्मी रस्त्यावर तितकीच वर्षं काढलेल्या त्याच्या दोन सोबत्यांना शाल आणि नारळ मिळाला, बाकी काही नाही. कायद्यात आपला हक्क आहे हे त्यांना मामाच्या निरोपाच्या दिवशी कळलं.

दुकानदार मंडळींना माझी विनंती आहे. तुमच्याकडे आयुष्य काढलेल्या माणसाचा सत्कार जरूर करा, पण त्याच्या आधी त्याचा हिशोब पूर्ण करून हातात द्या. आणि पुढची स्मरणिका काढाल तेव्हा तिच्यात गादीवरच्या माणसांचीही नावं छापा, लागल्याच्या आणि सोडल्याच्या सालासकट.